बाई रागावल्यात का?

लोणंदच्या एखाद्या वर्गात बाई फळ्याकडून सहज वळून बघतात आणि एखादं मूल चपापतं. बाई चिडल्या! खरं तर चेहऱ्यावर राग नसतोच.

अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतल्या संशोधकांनी २००६ मध्ये बायपोलर विकाराच्या (मनःस्थिती टोकाची बदलणाऱ्या) मुलांना निर्विकार चेहरे दाखवले. इतर मुलांपेक्षा त्यांना ते जास्त रागीट वाटले, भीतीही जास्त वाटली. मेंदूतला अमिग्डाला हा भागही जास्त चेतलेला दिसला.

२००७ च्या अभ्यासात ७ ते १८ वयोगटातल्या मुलांनी फोटोंतल्या भावना ओळखायच्या होत्या. बायपोलर आणि सततच्या तीव्र चिडचिडीच्या मुलांचे अंदाज जास्त चुकले.

चेहरा चुकीचा वाचून बिथरणाऱ्या मुलाला उद्धट ठरवून धपाटा घालणं अन्यायाचं आहे. ‘रागावले नाही रे, दमलेय,’ असं तोंडाने सांगावं. चेहरा चुकीचा वाचला एवढ्यावरून निदान मात्र होत नाही. शंका असेल तर टेलि-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मोफत बोलता येतं.