एअरबॅगचा दिवा आणि स्कॅनरवरील नोंदी

मोटारीची चावी फिरविताच चालकासमोरील फलकावर एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागतो व विझतो. नियंत्रक पेटीने स्वतःची व सर्व जोडण्यांची तपासणी केल्याची ती खूण होय. दिवा विझलाच नाही, तर अपघाताच्या वेळी एअरबॅग न उघडण्याचा संभव असतो. तो मुळीच न लागणे हेही तितकेच संशयास्पद समजावे. भारतात प्रवासी मोटारींत चालकापुढील एअरबॅग २०१९ पासून व शेजारच्या आसनापुढील २०२१ पासून सक्तीची झाली. त्यामुळे कार्यालयीन व खाजगी अशा असंख्य वाहनांत आता हा दिवा आहे.

दोष शोधण्यासाठी मेकॅनिक स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला स्कॅनर जोडतो. पहिली फसगत येथेच होते. स्वस्त स्कॅनर बहुधा इंजिनापुरतेच वाचतात. एअरबॅगच्या पेटीपर्यंत ते पोहोचतच नाहीत. दिवा लागलेला असता अशा यंत्राने ‘दोष नाही’ म्हटले, तर त्यास काडीचाही अर्थ नाही.

योग्य स्कॅनरवर ‘बी’ अक्षराने आरंभ होणारा संकेतांक व त्यापुढे ‘चालकाची एअरबॅग, रोध जास्त’ अशी नोंद दिसते. तेवढ्यावरून नवी एअरबॅग बसविण्याचा सल्ला मिळतो, आणि तो खर्चिक असतो. वस्तुतः ही नोंद सुट्या भागाविषयी नसून संपूर्ण विद्युतमार्गाविषयी असते. या मार्गात तारा, जोडण्या, स्टिअरिंगमधील गुंडाळलेली फीत (मेकॅनिक तिला क्लॉक स्प्रिंग म्हणतात) आणि एअरबॅग पेटविणारा भाग, हे सर्व येते. या शेवटच्या भागाचा रोध साधारणतः दोन ओहमच्या आसपास असतो. स्टिअरिंग फिरविताना स्कॅनरवरील आकडा एकदम वाढत असेल आणि हॉर्नही नीट वाजत नसेल, तर फीत तुटल्याचा संशय घ्यावा. आसन सरकविल्याने बाजूच्या एअरबॅगचा आकडा बदलत असेल, तर आसनाखालची जोडणी सैल असण्याची शक्यता अधिक.

नोंद ‘चालू’ आहे की ‘पूर्वीची’, हेही पाहावे लागते. पूर्वीची नोंद पुसता येते. चालू दोषाची पुसली तरी ती परत येते, कारण पुसणे म्हणजे दुरुस्ती नव्हे. मात्र साध्या मीटरने एअरबॅगचा रोध कदापि मोजू नये. मीटरच्या स्वतःच्या प्रवाहानेही ती उघडू शकते. जोडणी सोडण्यापूर्वी बॅटरीची ऋण तार काढून उत्पादकाच्या पुस्तिकेत दिलेला वेळ थांबावे, कारण पेटीत काही काळ वीज साठून राहते.

जुने वाहन घेताना मात्र स्कॅनरही पुरेसा नाही. एअरबॅगच्या जागी दोन ओहमचा लहानसा रोधक बसविला, की पेटीची समजूत पटते, दिवा वेळेवर विझतो आणि नोंदही स्वच्छ येते. स्टिअरिंगच्या झाकणाखाली एअरबॅग मात्र नसते. म्हणून अपघातग्रस्त वाहनाच्या बाबतीत एअरबॅग व नियंत्रक पेटी बदलल्याची बिले मागावीत, आणि ती नसल्यास अधिकृत कार्यशाळेत झाकण उघडून पाहण्याचा आग्रह धरावा.