‘आवृत’ की ‘आवृत्त’? : बीजधारी वनस्पतींच्या एका संज्ञेचा विचार

पारिभाषिक संज्ञा पाठ झाली म्हणजे ती कळली, असे नव्हे. संज्ञेमागील वस्तू ध्यानात आली, तरच तो शब्द आपला होतो. ‘अनावृतबीजी’ ही वनस्पतिशास्त्रातील संज्ञा या दृष्टीने पाहू.

नेच्याचे पुंयुग्मक पाण्याच्या पातळ थरातून पोहत स्त्रीयुग्मकापर्यंत जाते. त्यामुळे त्याचे पुनरुत्पादन ओलाव्याशी बांधलेले असते. बीजधारी वनस्पतींनी हे बंधन दोन साधनांनी सैल केले. पहिले साधन परागकण. टणक आवरणातला हा कण वाऱ्यावरून बीजांडापाशी येतो, त्यातून परागनलिका फुटते आणि पुंयुग्मकाला बाहेरच्या पाण्याची गरज उरत नाही. जुन्या व्यवस्थेची खूण मात्र कुठे कुठे टिकली आहे : गिंको वृक्षाचे पुंयुग्मक आजही पोहते, हे जपानी संशोधक हिरासे यांनी १८९६ मध्ये दाखवले, पण ते पोहते बीजांडातल्याच द्रवात. दुसरे साधन बीज. भ्रूण, त्याची शिदोरी आणि वरचे कवच अशी त्याची रचना असते. श्रीरामपूरसारख्या कमी पावसाच्या मुलखात बाजरीचा दाणा घरात महिनोन् महिने कोरडा राहूनही मृगाच्या ओलीवर उगवतो, तो या रचनेमुळेच.

आता संज्ञेकडे वळू. हरभऱ्याचे बी घाट्यात झाकलेले असते. म्हणून हरभरा आवृतबीजी. आपल्या अंगणातील मोरपंखी मात्र शंकुधारी आहे. तिची बीजांडे शंकूच्या खवल्यांवर उघडी असतात, त्यांभोवती अंडाशयाची भिंत नसते. म्हणून ती अनावृतबीजी. बीजाला स्वतःचे कवच असतेच. नसते ते फळाचे आवरण. मराठी विश्वकोशात अशा वनस्पतींना ‘प्रकटबीज’ म्हटले आहे. तो शब्दही हाच अर्थ सांगतो.

पुष्कळदा ही संज्ञा ‘अनावृत्तबीजी’ अशी लिहिली जाते. ‘आवृत’मध्ये ‘वृ’ म्हणजे झाकणे हा धातू आहे. ‘आवृत्त’मध्ये ‘वृत्’ म्हणजे फिरणे, ज्यापासून ‘आवृत्ती’ हा शब्द आला. एका ‘त्’ने झाकण्याचा अर्थच नाहीसा होतो आणि विद्यार्थ्याच्या हाती केवळ पाठांतर उरते.

शब्दाप्रमाणे रूपही फसवते. सुरूच्या बारीक हिरव्या डहाळ्या सुईसारख्या पानांसारख्या व फळे शंकूसारखी दिसतात. तरीही सुरू सपुष्प, आवृतबीजी वृक्ष आहे. म्हणून निकष एकच : बीज झाकलेले आहे की उघडे?

सरावासाठी : आपल्या परिसरातील पाच वनस्पतींना हा निकष लावा आणि प्रत्येकीचे उत्तर एका वाक्यात, स्वतःच्या शब्दांत लिहा.