झिजलेले नाणे, वाढलेले सुभाषित

घरातली सुटी नाणी टेबलावर पसरून पाहा. एखादे चकचकीत असते, तर एखाद्यावरची नक्षी बोटाने चाचपूनही कळू नये इतकी गुळगुळीत झालेली असते. जुने कोणते आणि नवे कोणते, हे बहुधा साल न वाचताही सांगता येते. आता समजा, नाण्यांवर साल नाही, राजाचे नाव नाही, एक अक्षरसुद्धा नाही. केवळ झिजेवरून त्यांचा काळानुसार क्रम लावता येईल का?

१९४० च्या सुमारास हा प्रश्न पुण्यातील एका गणिताच्या प्राध्यापकांनी हाती घेतला. त्यांचे नाव दामोदर धर्मानंद कोसंबी (१९०७–१९६६). जन्म गोव्यातला, शिक्षण हार्वर्ड विद्यापीठात. फर्ग्युसन महाविद्यालयात ते गणित शिकवीत आणि १९४५ मध्ये ते टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गेले. संख्याशास्त्र स्वतःचे स्वतः शिकायचे, तर पुस्तकातली उदाहरणे सोडवण्यापेक्षा खराखुरा प्रश्न घ्यावा, अशी त्यांची पद्धत होती. त्यांनी घेतलेला एक प्रश्न विद्यार्थ्यांच्या परीक्षेतील गुणांचा होता. दुसरा होता प्राचीन नाण्यांचा.

तराजूने वाचलेला इतिहास

भारतातील अतिप्राचीन नाण्यांना आहत नाणी म्हणतात. चांदीच्या पत्र्याचे तुकडे करायचे, कोपरे छाटून ते ठरावीक वजनाचे (सुमारे साडेतीन ग्रॅम) करायचे आणि त्यांवर सूर्य, डोंगर, झाड, प्राणी अशी चिन्हे ठोकायची, अशी ती तयार होत. चिन्हांचा अर्थ लावण्यात विद्वानांची बरीच शक्ती खर्च झाली होती. कोसंबींनी नाणी तराजूत घातली.

एका नाण्याच्या वजनावरून काहीच कळत नाही. ते मुळातच थोडे हलके असेल, किंवा वर्षानुवर्षे गाडग्यात पडून राहिले असेल. पण शेकडो नाण्यांचा गट घेतला, की चित्र बदलते. नाणी जितका जास्त काळ व्यवहारात फिरतात, तितके त्यांचे सरासरी वजन कमी होते. त्याबरोबर दुसरीही एक गोष्ट घडते. काही नाणी फार हातांतून जातात, काही कमी. त्यामुळे गटातील नाण्यांच्या वजनांमधला फरक, म्हणजे संख्याशास्त्राच्या भाषेत प्रचरण, काळाबरोबर वाढत जाते. सरासरी घटते आणि प्रचरण वाढते, ही झिजेची दुहेरी खूण. ती खरी आहे की नाही, हे कोसंबींनी आधी त्यांच्या काळातील चलनी नाण्यांवर तपासले. त्यांवर साल छापलेले असल्याने उत्तर पडताळून पाहता येत होते.

मग ते तक्षशिलेच्या (आजच्या पाकिस्तानातील) उत्खननात सापडलेल्या साठ्यांकडे वळले. पुरलेल्या साठ्याचा एक मोठा गुण असतो. नाणी जमिनीत गेली, की हातोहाती होणारी झीज तेथेच थांबते. घड्याळ बंद पडावे आणि काट्यांनी ती वेळ दाखवत राहावी, तसेच हे. एका साठ्यात अलेक्झांडरची नाणीही होती, त्यामुळे तो केव्हा पुरला गेला याचा अंदाज येत होता. या आहत नाण्यांच्या मागच्या बाजूस लहान लहान खुणा दिसतात. खुणा जितक्या अधिक, तितके नाण्यांचे सरासरी वजन कमी, असे कोसंबींना आढळले. म्हणजे या खुणा एकदम नव्हे, तर नाणे फिरत असताना वेळोवेळी, बहुधा तपासणीच्या वेळी, ठोकल्या गेल्या असाव्यात. चिन्हांचा अर्थ न लावताही नाण्यांच्या गटांचा क्रम लावण्याची वाट सापडली.

अर्थात या रीतीला मर्यादा आहेत. सर्व नाणी मूळ एकाच प्रमाण वजनाची होती आणि साधारण सारख्याच वेगाने फिरली, हे तिच्यात गृहीत धरावे लागते. जमिनीतील क्षारांनी धातू खाल्ला असेल किंवा नाणी घासून स्वच्छ केली असतील, तर वजन फसवे ठरते. गृहीतके उघडपणे मांडली, की दुसऱ्याला ती तपासता येतात. पद्धतीचे बळ यातच असते.

चुकांवरून वंशावळ

नाणे हातोहाती झिजते. सुभाषितांचा संग्रह मात्र हातोहाती वाढतो! भर्तृहरीची नीती, शृंगार आणि वैराग्य ही तीन शतके प्रसिद्ध आहेत. मराठीत ती वामन पंडितांमुळे परिचित झाली. शतक म्हणजे शंभर श्लोक. पण शतकानुशतके नकला करणाऱ्यांनी आपल्याला आवडलेले श्लोक त्यांत घातले, काही गाळले, काहींची जागा बदलली. भर्तृहरीच्या वैराग्याविषयी, त्याच्या तत्त्वज्ञानाविषयी काही म्हणायचे, तर आधी कोणते श्लोक विचारात घ्यायचे हे ठरवायला हवे. कोसंबींनी संस्कृत पक्के करण्यासाठी हेच काव्य निवडले होते. टीकाकारांनी गौरवलेले तत्त्वज्ञान आणि काव्यातून दिसणारी निराशा यांचा मेळ बसत नाही, हे त्यांना जाणवले. तेथून ते हस्तलिखितांकडे गेले.

अशा प्रश्नांसाठी पुण्यात अनुकूल वातावरण होते. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम चालू होते आणि तिचे प्रमुख संपादक वि. सी. सुखठणकर हेही मुळात केंब्रिजला गणित शिकलेले होते.

पाठचिकित्सेचे मुख्य तत्त्व शिक्षकांना नव्याने सांगायला नको. दोन मुलांची उत्तरे बरोबर आणि सारखी असली, तर आपण संशय घेत नाही. पण दोघांनी नेमकी एकच विचित्र चूक केली असेल, तर कोणीतरी कोणाचे तरी पाहिले, किंवा दोघांनी तिसऱ्याचे पाहिले, हे लगेच लक्षात येते. हस्तलिखितांचेही असेच आहे. समान चुका समान पूर्वज दाखवतात. चुकांवरून पोथ्यांची कुळे लावता येतात, आणि एकमेकांपासून दूरच्या कुळांतही जे सापडते, ते जुने असण्याचा संभव जास्त असतो.

कोसंबींनी अशी ३७७ हस्तलिखिते विचारात घेतली. १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आवृत्तीत भर्तृहरीच्या नावावर सांगितले जाणारे एकूण ८५२ श्लोक आहेत. त्यांपैकी फक्त २०० श्लोक पहिल्या गटात, म्हणजे जवळजवळ सर्व परंपरांना मान्य असलेले, ठरले. हे दोनशे श्लोक एकाच कवीने रचले असे मात्र त्यातून सिद्ध होत नाही. पुराव्याने जेथपर्यंत मागे जाता येते, तेथे हे श्लोक एकत्र होते, एवढेच म्हणता येते.

न दिसणारे बदल

तिसरे उदाहरण जीवशास्त्रातले. एकाच गुणसूत्रावरील दोन जनुकांमध्ये एकदा अदलाबदल झाली, तर ती संततीत दिसून येते. दोनदा झाली, तर दुसरी पहिलीला पुसून टाकू शकते आणि काहीच घडले नाही असे वाटते. म्हणून दिसलेल्या बदलांवरून जनुकांमधील अंतर थेट मोजले, तर ते कमी भरते. १९४४ मध्ये कोसंबींनी दिसलेल्या बदलांवरून खरे अंतर काढण्याचे एक सूत्र मांडले. जनुकांचे नकाशे तयार करताना ते आजही वापरतात.

नाणी, श्लोक आणि जनुके. तिन्ही ठिकाणी मूळ वस्तू समोर नाही, समोर आहेत ते पुढे पुढे जाताना साठलेले लहान लहान बदल. असे बदल पुरेशा संख्येने गोळा केले आणि ते कसे घडतात हे समजून घेतले, की मागचा काळ वाचता येतो.

वर्गात करून पाहा

१. एकाच किमतीची, धातूची आणि नक्षीची नाणी गोळा करून सालानुसार गट करा. प्रयोगशाळेतील किंवा सराफाच्या अचूक काट्यावर प्रत्येक नाणे वजन करा. प्रत्येक गटाची सरासरी आणि प्रचरण काढून आलेख मांडा. पोलादी नाणी फार कमी झिजतात, त्यामुळे फरक स्पष्ट दिसेलच असे नाही. तसे झाले, तर आकडे ‘दुरुस्त’ करू नका. का दिसला नाही, याची चर्चा करा.

२. मुलांना अपरिचित असा दहा ओळींचा उतारा दोघांना नकलून घ्यायला द्या. त्या प्रत्येक नकलेवरून आणखी दोघे नक्कल करतील, आणि पुन्हा तसेच. तीन पिढ्यांत चौदा नकला होतील. प्रत्येकाने फक्त हाती आलेली नक्कलच पाहायची. मूळ उतारा पाकिटात बंद ठेवा. नावे न लिहिलेल्या या नकला दुसऱ्या वर्गाला देऊन, चुकांवरून वंशावळ आणि मूळ मजकूर शोधायला सांगा. शेवटी पाकीट उघडा.

पहिला प्रयोग विज्ञानाच्या तासाला घ्यावा की इतिहासाच्या, आणि दुसरा मराठीच्या की गणिताच्या, असा प्रश्न पडेल. दोन्ही विषयांच्या शिक्षकांनी मिळून घेतला, तर उत्तमच. एका तासाला चूक म्हणून तांबडी रेघ ओढली जाते, तीच दुसऱ्या तासाला पुरावा ठरते, हे मुलांना त्यातून कळेल.