स्पेन्सर हाऊस, लंडन

स्पेन्सर हाऊस हे लंडनच्या सेंट जेम्स भागातील, ग्रीन पार्कलगतचे अठराव्या शतकातील उमरावी निवासस्थान आहे. जॉन स्पेन्सर (पुढे पहिले अर्ल स्पेन्सर) यांनी ते इ.स. १७५६ ते १७६६ या काळात बांधून घेतले. नवअभिजात, म्हणजे प्राचीन ग्रीक व रोमन वास्तूंचा आदर्श मानणाऱ्या शैलीतील लंडनमधील आरंभीच्या घरांमध्ये त्याची गणना होते.

वास्तुरचना

बांधकामाचा आरंभ वास्तुविशारद जॉन वार्डी यांनी केला. तळमजल्यावरील 'पाम रूम' ही त्यांची कृती असून तेथील सोनेरी खांब खजुरीच्या झाडांच्या आकाराचे आहेत. इ.स. १७५८ पासून वरच्या मजल्याची सजावट जेम्स स्टुअर्ट यांच्याकडे आली. स्टुअर्ट यांनी अथेन्सला जाऊन तेथील अवशेषांची मोजमापे स्वतः घेतली होती. त्यामुळे त्यांच्या दालनांतील ग्रीक अलंकरण ऐकीव माहितीवर बेतलेले नाही. त्यांच्या 'पेंटेड रूम' या चित्रांकित दालनाचा विषय दाम्पत्यप्रेम हा आहे. स्पेन्सर व जॉर्जियाना पॉइंट्झ यांचा विवाह इ.स. १७५५ मध्ये, तोही गुपचूप झाला होता, हे लक्षात घेतले म्हणजे या विषयाची निवड उमगते.

उत्तरकाळ

विसाव्या शतकात एवढे मोठे घर राखणे कुटुंबाला जड जाऊ लागले. इ.स. १९२६ नंतर ते भाड्याने गेले. तेथे काही काळ महिलांचा क्लब होता. दुसऱ्या महायुद्धात बाँबहल्ल्याच्या भीतीने शेकोट्यांच्या संगमरवरी चौकटी, दरवाजे व इतर कोरीवकाम काढून नॉर्दम्प्टनशायरमधील ऑलथॉर्प या कुटुंबाच्या वाड्यात हलविण्यात आले. युद्धोत्तर काळात क्रिस्टीज ही लिलावसंस्था व त्यानंतर इतर संस्था येथे कार्यालये थाटून होत्या. उमरावांच्या दिवाणखान्यात टंकलेखन यंत्रे आली, तरी छप्पर शाबूत राहिले, हेही थोडके नव्हे.

पुनरुज्जीवन

इ.स. १९८५ मध्ये लॉर्ड जेकब रॉथ्सचाइल्ड यांच्या कंपनीने हे घर दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने घेतले आणि जीर्णोद्धार हाती घेतला. मूळ कोरीवकाम ऑलथॉर्पला गेलेले. ते परत येणार नव्हते. परंतु ते सुरक्षित होते, म्हणूनच कारागिरांना त्यावरून हुबेहूब प्रतिकृती कोरता आल्या. मूळ नमुना समोर नसता, तर हे काम पुष्कळसे अंदाजाचे ठरले असते. प्रतिकृतींनी भरलेल्या घरास जुने म्हणावे काय, असा प्रश्न येथे रास्तपणे उपस्थित होतो. तथापि भिंती, छते व दालनांची मांडणी मूळचीच आहे, आणि नव्या वस्तू नव्या म्हणूनच सांगितल्या जातात. या प्रामाणिकपणामुळे हा जीर्णोद्धार अनुकरणीय वाटतो.

इ.स. १९९० मध्ये याच घराण्यात जन्मलेल्या राजकुमारी डायना यांच्या हस्ते उद्घाटन झाले. पेंटेड रूमसाठी स्टुअर्ट यांनी रचलेली मूळ आसने व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाकडून उसनवारीने येथे आणण्यात आली. मूळ चौकटी मात्र ऑलथॉर्पलाच राहिल्या.