आवाज बारीक ठेव

आमच्या बेल्लमपल्लीच्या कॉलनीत दुपारी मोठ्यानं बोलायची सोय नव्हती. कोळशाचं गाव. सिंगरेणीच्या खाणी तीन पाळ्यांत चालायच्या. रात्री अकराला खाली उतरलेला माणूस सकाळी सातला वर यायचा, आंघोळ-जेवण करून नऊच्या सुमारास आडवा व्हायचा. क्वार्टर दोन खोल्यांचं. खिडकीला जाड चादर लावून पुढच्या खोलीत अंधार करायचा, आणि घरातल्या पोरांनी दिवसभर मांजरासारखं वावरायचं. शेजारी नाईट नसली तर त्याच्या शेजारी असायचीच. त्यामुळे गल्लीत लगोरी नाही, खलबत्त्यात कुटणं नाही, आणि टीव्ही लावायचाच असेल तर आवाज इतका बारीक की बटण एका केसाएवढं फिरवलेलं.

नागपूरहून हैदराबादला गाडीनं जाणाऱ्या वाचकांनी आमचं स्टेशन पाहिलं असेल. बल्लारशा सुटलं की सिरपूर कागजनगर, आसिफाबाद रोड, मग बेल्लमपल्ली, पुढे मंचिर्याल. तेव्हा आमचा जिल्हा आदिलाबाद होता. २०१६ पासून मंचिर्याल झाला. आई राजुऱ्याची. राजुरा १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होतं. म्हणून आजोबा म्हणायचे, "पोरगी मी आपल्याच जिल्ह्यात दिली, सरकारनं मधात रेघ ओढली त्याले मी काय करू?" आजोबांना ते गमतीचं होतं. आईला नव्हतं. लग्न होऊन आली तेव्हा तिला तेलुगूचं अक्षर येत नव्हतं आणि नळावर बायका हसल्या की त्या आपल्यालाच हसतात असं तिला वाटायचं. सकाळ स्वयंपाकात जायची, संध्याकाळ आम्हा पोरांत. उरायची ती दुपार. बाबा आत झोपलेले, बाहेर ऊन, आणि बोलायला कोणी नाही.

आमच्याकडे १४ इंची ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही होता. १९९४ मध्ये दूरदर्शनवर दुपारी 'शांती' सुरू झाली. रोज चालणारी आपल्याकडची पहिली मालिका म्हणून तिचं नाव आजही घेतात. त्याआधीच्या 'हम लोग', 'बुनियाद' आठवड्यातून ठरलेल्या दिवशीच यायच्या. त्यांची वाट पाहावी लागे. ही मात्र सोमवार ते शुक्रवार, दूधवाल्यासारखी. गोष्ट तुम्हाला आठवत असेल. सिनेमाधंद्यातले दोन मोठे मित्र, त्यांचा 'शांती' नावाचा आलिशान बंगला, आणि त्यांची कहाणी लिहायच्या निमित्तानं तिथे शिरलेली पत्रकार शांती. खरं तर ती आपल्या आईवर झालेल्या अन्यायाचा जाब मागायला आलेली. मंदिरा बेदींचं हे पहिलंच काम. पुढे १९९५ साली त्या 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे'मध्ये दिसल्या, २००३ च्या विश्वचषकात क्रिकेटच्या कार्यक्रमाचं सूत्रसंचालन करताना दिसल्या, पण आमच्या गल्लीनं त्यांना शांती सोडून दुसऱ्या नावानं कधी हाक मारली नाही.

आता योगायोग पाहा. बाबा ज्या खाणीत टिंबरमन होते तिचं नाव शांतिखनी. खाली छताला टेकू देणं हे त्यांचं काम. आई म्हणायची, "तुमचे बाबा शांतिखनीत, मी शांतीत." त्या वेळी तो आम्हाला विनोद वाटायचा.

मालिका पाहायला शेजारच्या अक्का यायच्या. करीमनगरकडच्या, आईपेक्षा आठ-दहा वर्षांनी मोठ्या. त्यांचे यजमानही खाणीतच, त्यांच्या घरी टीव्ही नव्हता. आई त्यांना अक्का म्हणायची म्हणून आम्हीही अक्काच. त्या चप्पल दाराबाहेर काढत, पदरानं पाय पुसत आणि टीव्हीच्या इतक्या जवळ बसत की पडद्याचा निळा उजेड त्यांच्या नथीवर पडे. आवाज बारीक, त्यामुळे पाहण्यापेक्षा ओठ वाचणंच जास्त. आईला हिंदी बरं कळे, अक्कांना बाजारापुरतं. मग आई अक्कांना हळूच सांगणार, शब्द सापडला नाही की हातवारे करणार. आणि अक्का तोच शब्द तेलुगूत सांगून आईकडून तीनदा म्हणवून घेणार. माझी आई तेलुगू शिकली ती अशी, एका हिंदी मालिकेच्या साक्षीनं, कुजबुजत.

शांतीच्या टिकल्यांवरून दोघींचं मोठं भांडण होई. रोज नवी नक्षी, आणि आमचा टीव्ही काळापांढरा. आई म्हणे लाल, अक्का म्हणत मरून. शेवटी बाजारात 'शांती बोट्टु' म्हणून पाकिटं विकायला आली तेव्हा कळलं की दोघींचे अंदाज चुकले होते. त्या मालिकेतले यतीन कार्येकर दिसले की आई मान ताठ करून अक्कांना सांगे, "मावोळु," म्हणजे आमचे लोक. 'मुन्नाभाई एमबीबीएस'मधला खाटेवरचा आनंदभाई म्हणजे तेच, हे तिला कळलं तेव्हा तिनं मला मुद्दाम फोन केला होता.

जाता जाता सांगतो. अशा मालिकांना इंग्रजीत साबणाचं नाव पडलं, कारण अमेरिकेत १९३० च्या दशकात दुपारच्या रेडिओ-मालिकांचा खर्च साबण कंपन्या करायच्या. दुपारी घरात कोण असतं आणि साबण कोण विकत आणतं, हे त्यांना बरोबर माहीत होतं. तिथली 'गाइडिंग लाइट' १९३७ मध्ये रेडिओवर सुरू झाली, पुढे टीव्हीवर गेली आणि २००९ मध्ये संपली. ७२ वर्षं! आपण उगाच आपल्या मालिकांना लांबण लावली म्हणून नावं ठेवतो.

१९९५ मध्ये 'स्वाभिमान' आली. महेश भट्ट यांची मालिका, लेखनात शोभा डे. कितू गिडवानींची स्वेतलाना, रोहित रॉयचा रिषभ, आणि तेव्हा फारसे कोणाला माहीत नसलेले मनोज बाजपेयी आणि आशुतोष राणा. श्रीमंतांची भानगड ती, आमच्या दोन खोल्यांशी तिचा काय संबंध? पण उन्हाळ्यात शाळा अर्धा दिवस, तिला तिकडे 'ओंटिपूट बडि' म्हणतात, त्यामुळे मीही चटईवर पालथा पडून पाहायचो.

एका रात्री बाबा कामावर जायच्या आधी जेवत होते. आई मला काहीतरी सांगत होती. बाबा मान वर न करता म्हणाले, "त्या रिषभचं काही खरं नाही."

आईचा हात भाकरीवरच थांबला. "तुम्हाला काय माहीत रिषभ?"

"रोज ऐकतो न."

"म्हणजे तुम्ही झोपत नाही?"

बाबांनी पाणी प्यायलं. म्हणाले, "दिवसा कुठं झोप येते."

इतकंच बोलून ते उठले, डबा घेतला आणि गेले. आई बराच वेळ तशीच बसली होती. मला तेव्हा वाटलं, चोरी पकडली गेली म्हणून ती घाबरली. पुढे मोठा झाल्यावर कळलं की तिला वेगळंच लागलं होतं. खाली छताला सळईनं ठोकून आवाज भरीव आहे की पोकळ हे ओळखायचं, आणि पोकळ वाटलं तर तिथून माणसं हटवायची, हे बाबांचं काम. ते रात्रभर कानावर जगायचे. तो माणूस दिवसा झोपतो अशा भरवशावर ती वर्षभर निर्धास्त होती, आणि तो आत अंधारात डोळे उघडे ठेवून रिषभ-स्वेतलानाचं ऐकत पडलेला.

दुसऱ्या दिवसापासून आईनं टीव्ही लावलाच नाही. अक्का दोनदा दारात येऊन परत गेल्या. तिसऱ्या दिवशी आतून बाबांचा आवाज आला, "आज बंद आहे का?" आई म्हणाली, "तुम्ही झोपा." त्यावर बाबा, "लाव. पुढं काय झालं ते तरी कळू दे. अन आवाज थोडा वाढव, अर्धं ऐकू येत नाही." आईनं लावला, पण आवाज काही वाढवला नाही. शेजारच्या घरी कोणीतरी झोपलेलं असायचंच.

त्याच दशकात हैदराबाद दूरदर्शनवर मंजुळा नायडू यांची 'ऋतुरागालु' आली आणि पारडं फिरलं. आता अक्का सांगणाऱ्या, आई ऐकणारी. दोन वर्षांत आईचं तेलुगू फाडफाड झालं. फक्त एक भानगड होती. टीव्हीवरचं तेलुगू किनारपट्टीकडचं, नीटनेटकं. आमच्या गावचं तेलंगणी, रोखठोक. 'येते हं' म्हणायला गल्लीतल्या बायका 'पोयोस्त' म्हणत, आई म्हणे 'वेळ्ळोस्तानंडि'. नळावर हशा पिकायचा. अक्का म्हणत, तू तर दोरसानीसारखी बोलतेस. दोरसानी म्हणजे गढीवरची मालकीण. पण आता बायका कोणाला हसतात आणि का, हे आईला कळत होतं, आणि तीही हसत होती.

या तेलुगूची खरी परीक्षा झाली ती बाबांना ताप चढला तेव्हा. चार दिवस उतरेना. आईनं त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टर तेलुगू. त्यांनी विचारलं, काय झालं? घाबरलेल्या आईच्या तोंडून साधं 'ज्वरम् वच्चिंदि' निघेना. तिनं हात जोडले आणि मालिकेतल्या नायिकेच्या सुरात म्हणाली, "ना भर्त प्राणालु कापाडंडि!" माझ्या पतीचे प्राण वाचवा. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. खाटेवरचे बाबा तापातही हसायला लागले. मलेरिया निघाला, आमच्याकडे तो घरोघरी. गोळ्यांनी बरा झाला. पण ते वाक्य पुढे वीस वर्षं आमच्या घरात चाललं, साधं डोकं दुखलं तरी.

मराठीची भूक मात्र तशीच होती. १९९९ मध्ये अल्फा मराठीवर 'आभाळमाया' सुरू झाली, तेव्हा आमचा केबलवाला ती वाहिनी देत नव्हता. चंद्रपूरची मावशी आंतर्देशीय पत्रात आठवड्याची गोष्ट लिहून पाठवायची. आधी सगळ्यांची खुशाली दोन ओळींत, मग पानभर सुधा जोशी. सुकन्या कुलकर्णींची सुधा आईनं आधी मावशीच्या अक्षरात पाहिली. मग २००० मध्ये ई-टीव्ही मराठी आलं, आणि तेही कुठून? रामोजी राव यांच्या हैदराबादेतून. तेलुगू ई-टीव्ही पाहणाऱ्या आमच्या गावात तिच्या शेपटाला धरून मराठी वाहिनी आली. मुंबईची मराठी आमच्यापर्यंत पोचली नाही, हैदराबादची पोचली.

'चार दिवस सासूचे' आम्ही दुपारच्या पुनःप्रक्षेपणात पाहायचो. २००१ ते २०१३, तीन हजारांवर भाग. रोहिणी हट्टंगडींच्या आशालता देशमुख आणि कविता लाड यांची अनुराधा. 'गांधी'मधल्या कस्तुरबा याच, असं मी अक्कांना सांगितलं तर त्या आधी विश्वासच ठेवेनात. मग मात्र आशालताबाई पडद्यावर आल्या की पाय दुमडून नीट बसायला लागल्या. अक्कांना तेव्हा नुकती सून आली होती. मालिकेतून त्यांनी मराठी उचललं, तेही आईसारखंच उसनं. आमच्या घरी 'काऊन बाई', 'होय न' चालायचं, आणि अक्का म्हणायच्या, "अनुराधा, मला तुझ्याशी महत्त्वाचं बोलायचंय." आई पोट धरून हसे. "अक्का, आमच्या राजुऱ्याले असं कोणी बोलत नाही."

बाबा निवृत्त झाले, क्वार्टर सोडावं लागलं. आम्ही चंद्रपूरला आलो, अक्का मंचिर्यालला मुलाकडे गेल्या. कॉलनीतली बरीच घरं नंतर रिकामी झाली. आता गाडीतून जाताना दिसतात ती कुलूप लावलेली दारं आणि भिंतीतून उगवलेले पिंपळ. बाबा २०१४ मध्ये गेले.

आई आता मंजुळा नायडूंच्याच 'मोगलीरेकुलु'चे जुने भाग इंटरनेटवर पाहते. नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिला जंगलातला मोगली वाटला होता. मोगली म्हणजे केवडा हे अक्कांनीच तिला सांगितलं. घरात तीन खोल्या आहेत, दुपारी झोपणारं कोणी नाही, तरी आवाज तेवढाच बारीक. मी एकदा रिमोट घेऊन वाढवला तर तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट्यानं कमी केला.

मागच्या महिन्यात अक्कांचा फोन आला. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, डॉक्टरांनी आठवडाभर टीव्ही पाहू नका म्हणून सांगितलेलं. दुपारची वेळ जाईना. आईनं विचारलं, "एमैंदि अक्का, कंटाळा आला?" मग फोन स्पीकरवर टाकून तो टीव्हीसमोर स्टुलावर ठेवला आणि चालू भाग पुढे सोडला. पलीकडून अक्का ओरडल्या, ऐकू येत नाही म्हणून.

आईनं रिमोट शोधला, चष्मा लावून बटण पाहिलं आणि आवाज वाढवला. चांगला वाढवला. मी आतल्या खोलीत काम करत होतो. मला शब्दन् शब्द ऐकू येत होता. मधेच आई अक्कांना सांगत होती, आता ती रडते आहे, आता तो दारात आला, साडी हिरवी आहे. अक्का म्हणाल्या, "हिरवी नसेल, नीट पाहा."