भीमगीताची फाईल कोणाच्या ताब्यात?

चौदा एप्रिल जवळ आला की दिघ्यापासून तुर्भे स्टोअर्स, बेलापूरपर्यंत नवी मुंबईतील वस्त्यांत नवी भीमगीते रेकॉर्ड करण्याची लगबग सुरू होते. पूर्वी त्यासाठी मुंबईतला स्टुडिओ तासाच्या भाड्याने घ्यावा लागे. आता दहा बाय दहाची खोली, एक माइक, एक ऑडिओ इंटरफेस आणि एक कॉम्प्युटर एवढ्यावर भागते. आणि मग आपल्या तरुण कलावंतांत वाद रंगतो, सॉफ्टवेअर कोणते भारी? प्रो टूल्स, क्युबेस, लॉजिक, एफएल स्टुडिओ की रीपर?

हा वाद बहुतेक वेळा चुकीच्या टोकाने सुरू होतो. कोणाचा 'साऊंड' चांगला, असे विचारले जाते. वास्तविक एकाच माइकमधून, एकाच इंटरफेसमधून आलेला आवाज ही सर्व सॉफ्टवेअर सारखाच साठवतात. गायकाला हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज मागे पडलेला ऐकू येतो, तेव्हाही दोष सॉफ्टवेअरला दिला जातो. प्रत्यक्षात बफर १०२४ वर ठेवलेला असतो. तो १२८ वर आणला की प्रश्न बहुधा सुटतो. भिंतीला गोधड्या लावल्याने खोलीतला घुमारा कमी होतो, ठाणे-बेलापूर रस्त्यावरचे ट्रक मात्र कोणतेही सॉफ्टवेअर थांबवू शकत नाही.

मग फरक कशात आहे? किमतीत आहे, कामाच्या पद्धतीत आहे आणि मुख्य म्हणजे दहा वर्षांनी ते गाणे पुन्हा उघडता येईल की नाही, यात आहे.

कॅसेटच्या जमान्यात आपल्या कवी-गायकांचे काय झाले, हे या वाचकांना नव्याने सांगायला नको. एकरकमी बिदागी हातावर पडली, मास्टर टेप दुसऱ्याच्या कपाटात राहिली. आज त्या मास्टर टेपची जागा प्रोजेक्ट फाईलने घेतली आहे. गायकाला मिळते ती एमपीथ्री. ढोलकी, बेंजो, कोरस, मूळ आवाज हे वेगवेगळे ट्रॅक स्टुडिओवाल्याच्या हार्डडिस्कवर राहतात.

त्या फाईलला कुलूप कोणाचे, हे पाहावे. लॉजिक एकदाच पैसे भरून मिळते, परंतु २००२ साली ॲपलने ते बनवणारी एमॅजिक कंपनी विकत घेतली आणि विंडोज आवृत्ती बंद केली. त्यामुळे आधी ॲपलचे महाग यंत्र घ्या! प्रो टूल्स मोठ्या स्टुडिओंत रुजलेले आहे, पण ते मुख्यतः वर्गणीवर मिळते. २०२२ पासून त्याची एक मोफत आवृत्ती आहे, तीत आवाजाचे आठच ट्रॅक. कोरससकट गाणाऱ्या पार्टीला ते कसे पुरावेत? एफएल स्टुडिओ एकदा घेतले की पुढच्या आवृत्त्या फुकट मिळतात, हा त्याचा मोठा गुण. मात्र त्याच्या चाचणी आवृत्तीत जतन केलेले काम विकत घेतल्याशिवाय पुन्हा उघडत नाही. क्रॅक केलेल्या प्रतीवर केलेले कामही कॉम्प्युटर फॉरमॅट झाला की असेच अडकते.

माझा कौल रीपरला आहे. साध्या जुन्या विंडोज कॉम्प्युटरवर ते चालते, साठ दिवस पूर्ण स्वरूपात वापरून पाहता येते आणि छोट्या कलावंतासाठी परवाना साठ डॉलरचा आहे. त्याची प्रोजेक्ट फाईल साध्या मजकुराची असते, नोटपॅडमध्येसुद्धा उघडून वाचता येते. दिसायला ते रुक्ष आहे आणि सोबत तयार वाद्ये फारशी येत नाहीत, हे मान्य. पण आपल्याला तयार वाद्ये किती हवीत?

येथे ढोलकीचा विषय निघतोच. एफएल स्टुडिओत काम पॅटर्नवर आणि ठरलेल्या टेम्पोवर उभे राहते. रॅपसाठी ते उत्तम, आणि आपली मुले आज रॅपही दमदार करीत आहेत. परंतु गायन पार्टीत कोरस उठला की लय चढते, ढोलकीवाला गायकाकडे बघून ठेका ओढतो. त्याला मेट्रोनोमच्या खुंटीला बांधले की गाणे लग्नाच्या डीजेसारखे होते. म्हणून ढोलकी आधी मोकळी वाजवून घ्यावी, टेम्पो नंतर तिच्यामागे बसवावा. वाजवलेल्या तालावरून टेम्पो काढण्याची चांगली सोय क्युबेस आणि लॉजिकमध्ये आहे. रीपरमध्ये तेच काम बरेचसे हाताने करावे लागते. ज्याचे सारे काम जिवंत वाद्यांवर आहे आणि ज्याला परवडते, त्याने क्युबेस घेतले तर मी त्याला नावे ठेवणार नाही. हलगीसाठी मात्र सगळीकडे नियम एकच. २४ बिटवर रेकॉर्ड करा आणि पातळी खाली ठेवा, कारण फाटलेली थाप नंतर शिवता येत नाही.

कॉपीराइट कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार व संगीतकार यांचा रॉयल्टीतील समान वाटा वारस किंवा कॉपीराइट सोसायटीखेरीज कोणालाही लिहून देता येत नाही. हे किती गीतकारांना ठाऊक आहे? पैसे देण्याआधीच स्टुडिओवाल्याशी बोलून ठेवावे की मिक्सिंगबरोबर प्रत्येक ट्रॅकची वेगळी वेव्ह फाईल हवी, सर्व फाईली शून्य सेकंदापासून सुरू झालेल्या. अशा फाईली कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये जागेवर बसतात. पाच मिनिटांच्या, बारा ट्रॅकच्या गाण्याला २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झवर सुमारे अर्धा जीबी लागतो. दोन पेन ड्राइव्ह घ्यावेत, फाईलच्या नावातच कवीचे नाव आणि साल घालावे, आणि दुसरा पेन ड्राइव्ह कवीच्या घरी द्यावा.