गाडी आपली, रस्ता सगळ्यांचा

कारंजा लाडहून समृद्धी महामार्गाने नागपूरकडे निघालात, की वाटेत दारूबंदीचा वर्धा जिल्हा लागतो. ‘मी कुठे चालवतोय, मागे बसून घेतोय’ हा बचाव तिथे चालत नाही.

मोटार वाहन कायद्याचे कलम १८५ चालकापुरते आहे: १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्य आढळले, तर पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, १० हजार रुपये दंड किंवा दोन्ही. प्रवासी यातून सुटतो. पण महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार पिण्यासाठी परवाना त्यालाही लागतोच. शिवाय बिहारच्या मद्य कायद्याचा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सार्वजनिक रस्त्यावरची खासगी गाडी ‘सार्वजनिक जागा’ मानली आहे. बाटली गाडीत उघडू नका, चालकाशेजारी तर नाहीच.